वर्गातलं ऑलिम्पिक: रद्दी, सुतळी आणि चिकणमातीतून

एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग, पट तिसाच्या आत, मैदान म्हणजे शाळेपुढची अरुंद पट्टी आणि खर्चाच्या नावाने शून्य. आनंददायी शनिवारी ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धा असा विषय घेऊन हस्तकला व खेळ घ्यायचे आहेत. नेटवर नमुने पुष्कळ दिसतात, पण त्यातून मुलं नक्की काय शिकणार ते कळत नाही. शिवाय वर्गातल्या एका मुलाला चालताना आधार लागतो, त्यालाही प्रत्येक गोष्टीत सामील करून घ्यायचं आहे.

मॅडम, क्रेप कागदाची मशाल आणि पुठ्ठ्याची पाच वर्तुळं मीही करून घेतली आहेत. फोटो छान येतात, पण सोमवारी त्या वस्तू कपाटावर जातात आणि तिथेच राहतात. म्हणून मी निवडीचा एक निकष ठेवला आहे. मुलं जी वस्तू बनवतील ती पुढे खेळात वापरली गेली पाहिजे, आणि त्या खेळात मोजायला, लिहायला किंवा वाद घालायला काहीतरी मिळालं पाहिजे. या स्पर्धांमध्ये आकड्यांची खाणच आहे. तो आकडा मुलांच्या हातात आणि पायाखाली आणून देणं एवढंच आपलं काम.

सामान आधी सांगते. रद्दी, संपलेल्या वह्यांचे पुठ्ठे, जुन्या लग्नपत्रिका, सुतळीचं एक बंडल, खडू, शेतातली चिकणमाती आणि कणकेची खळ एवढं पुरतं. खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे. मुलांच्या हाताला लागणाऱ्या खळीत तो अजिबात घालू नका. लागेल तेवढीच खळ शिजवा, उरली तर टाकून द्या.

सुरुवात सुतळीच्या उडीने करा. जागेवरून लांब उडी हा 1900 ते 1912 पर्यंत ऑलिम्पिकमधला खराखुरा प्रकार होता, त्यामुळे ‘आपल्याकडे धावपट्टी नाही’ ही अडचणच उरत नाही. व्हरांड्यात खडूची रेघ मारा. मूल रेघेमागे दोन्ही पाय जुळवून उभं राहील आणि उडी मारेल. टाच जिथे टेकली तिथे जोडीदार खूण करेल. मग रेघेपासून त्या खुणेपर्यंत सुतळी ताणायची आणि तेवढाच तुकडा कापायचा. लग्नपत्रिकेची चिठ्ठी करून तिच्यावर नाव, तारीख आणि मीटर-सेंटिमीटरमध्ये लांबी लिहायची, ती सुतळीच्या टोकाला बांधायची. हे सगळे तुकडे भिंतीवर एका दोरीला हजेरीपटाच्या क्रमाने टांगा. लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचा मोह होतो, तो टाळा, कारण तसं केलं की पहिली सुतळी कुणाची हेच सगळे बघत बसतात. हजेरीच्या क्रमाने लावलं की भिंतीवर आपोआप स्तंभालेख तयार होतो. तिसरीतल्या मुलांना स्तंभालेख ही पुस्तकातली चौकट वाटते, इथे त्यातला एक स्तंभ त्यांच्या स्वतःच्या उडीचा असतो. दोन-तीन शनिवारांनंतर पुन्हा उड्या घ्या आणि दुसरी सुतळी पहिलीच्या शेजारी टांगा. आता प्रत्येक मुलाची वजाबाकी वेगळी आणि त्याची स्वतःची.

याच दिवशी 8 मीटर 95 सेंटिमीटरची एक सुतळी कापा. ही माइक पॉवेलची उडी, 1991, टोकियो. तो धावत येऊन मारलेल्या उडीचा विक्रम आहे हे मुलांना सांगा, नाहीतर त्यांची तुलना चुकेल. बहुतेक वर्गखोल्यांमध्ये ही सुतळी सरळ मावत नाही, कोपऱ्यात वळवून दुसऱ्या भिंतीवर न्यावी लागते. मुलं तिच्या बाजूने पावलं टाकत चालतात, ‘माझ्या किती उड्या बसतील’ ते विचारतात, आणि भागाकार सुरू होतो. त्याआधीचा विक्रम बॉब बीमनचा होता, 1968 साली मेक्सिको सिटीतला, 8.90 मीटर. तो मोडायला 23 वर्षं लागली आणि मोडला तो 5 सेंटिमीटरने. पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून हातोहात फिरवा. मी समजावून सांगायची गरज पडत नाही.

दुसरा खेळ भाल्याचा. वर्तमानपत्राचं एक सुटं पान घ्या. एका कोपऱ्यावर खराट्याची हिर ठेवा आणि तिच्याभोवती पान तिरकं, घट्ट गुंडाळत न्या. शेवटच्या कोपऱ्याला खळ लावा आणि हिर हलकेच काढून घ्या. साधारण दोन फुटांची नळी तयार होते. गुंडाळी सैल राहिली तर नळी मधेच वाकते, म्हणून चौथीतल्या मुलाने धरायचं आणि तिसरीतल्याने गुंडाळायचं अशा जोड्या लावा. शुक्रवारी करून ठेवल्या तर शनिवारपर्यंत कडक वाळतात.

लगेच वजन लावून देऊ नका. आधी नुसती नळी फेकायला सांगा. ती हवेत गिरक्या घेते, कधी आडवी होते, कधी मागे फिरते. मग गोटीएवढी चिकणमाती द्या आणि विचारा, कुठे लावाल? कोणी शेपटीला लावतं, कोणी मधे, कोणी टोकाला. तिन्ही प्रकार फेकून बघू द्या. टोकाला लावलेला भाला सरळ जातो हे त्यांचं त्यांनाच दिसतं. मग भाला बोटावर तोलून त्याचा समतोल बिंदू शोधायचा आणि तिथे रंगीत दोरा गुंडाळायचा. टोक बोथटच हवं, मातीवर चिंधीचा बोळा बांधून टाका. सगळे एकाच दिशेला फेकतील आणि शिट्टी वाजेपर्यंत कुणीही भाला आणायला जाणार नाही, या दोन नियमांत सवलत द्यायची नाही.

इथे सांगण्यासारखी एक खरी गोष्ट आहे. 1984 मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने 104.80 मीटर भाला फेकला. मैदान अपुरं पडेल अशी भीती निर्माण झाली, शिवाय भाले आडवे पडत आणि टोक टेकलं की नाही यावरून वाद होत. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवला गेला. टोक लवकर खाली येतं, भाला जवळ पडतो आणि जमिनीत रुततो. आपल्या कागदी भाल्याला पुढचं वजन सरळ नेतं आणि खऱ्या भाल्याला तेच जरा लवकर खाली आणतं. चौथीतली मुलं यावर चांगला विचार करतात, फक्त उत्तर सांगण्याची घाई आपण करायची नाही.

नीरज चोप्राचं नाव निघणारच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 87.58 मीटरला सुवर्ण, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 89.45 मीटरला रौप्य. पॅरिसचं सुवर्ण पाकिस्तानच्या अर्शद नदीमचं, 92.97 मीटर. नव्वद मीटर तुमच्या पट्टीत मावणार नाहीत, पण सुवर्ण आणि रौप्य यांच्यातलं अंतर मावतं. वजाबाकी करून घ्या, 3.52 मीटर येतात. ते खडूने जमिनीवर आखा आणि मुलांना दोन टोकांना उभं करा. आणि मुलं आधी विचारतील ते म्हणजे, टोकियोपेक्षा जास्त लांब फेकूनही पॅरिसमध्ये नीरजचा दुसरा नंबर कसा? त्यावर बोलू द्या.

पळण्याची शर्यत वीस मीटरची ठेवा, पण शिकण्याचा भाग वेळ मोजण्यात आहे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा 55.42 सेकंदांत पोहोचल्या आणि तिसरी आलेली रोमानियाची धावपटू 55.41 सेकंदांत. पदक गेलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागाने. तो भाग केवढा हे समजण्यासाठी मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करून ताबडतोब बंद करायला सांगा. 0.01 वर कुणालाच थांबवता येत नाही. मग एकाच धावण्याची वेळ तीन मुलांकडून तीन मोबाइलवर घ्या. तीन वेगळे आकडे येतील आणि ‘माझंच बरोबर’ असा कलकलाट होईल. हाताने वेळ घेताना तीन पंच असत आणि तिघांचे आकडे वेगळे आले तर मधला आकडा धरला जाई. हा नियम वर्गात लावून टाका, भांडण मिटतं आणि दशांश अपूर्णांकांचा चढता क्रमही होतो. तिसरीला दशांश नको, त्यांनी फक्त पूर्ण सेकंद लिहावेत.

नेमबाजी वर्गात घेता येते आणि ती आपल्या फार जवळची आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवलं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून, अशा तीन स्थितींत नेम धरावा लागतो. फळ्यावर एकात एक पाच वर्तुळं काढा, गुण लिहा. चिंधीचा बोळा खडूच्या भुकटीत घोळवून फेकला की फळ्यावर नेमका ठसा उमटतो, म्हणजे कुठे लागला यावर वाद नको. प्रत्येक स्थितीत तीन फेकी, नऊ आकड्यांची बेरीज. कोणत्या स्थितीत आपले गुण जास्त आले हे मुलं वहीत लिहितात, आणि का आले याचं एक वाक्य.

ध्वजांचं काम बहुतेक ठिकाणी रंगकामावर थांबतं, त्यात भूमिती आणा. जपानच्या ध्वजाची उंची आणि लांबी 2:3 प्रमाणात, मधल्या वर्तुळाचा व्यास उंचीच्या तीन पंचमांश. दहा सेंटिमीटर उंच ध्वज केला तर लांबी पंधरा आणि व्यास सहा. सहा सेंटिमीटर व्यासाचं झाकण घरून शोधून आणा म्हटलं की मुलं पट्टी घेऊन स्वयंपाकघरात शिरतात. आपल्या तिरंग्याच्या चक्रातले 24 आरे काढायला कागदाचं वर्तुळ तीनदा अर्धं दुमडायला सांगा. आठ भाग होतात, प्रत्येकाचे तीन केले की चोवीस. नेपाळचा ध्वज आयताकृती नाही, तो हौशी मुलांसाठी राखून ठेवा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ध्वजसंहितेनुसार क्रीडाप्रसंगी कागदी राष्ट्रध्वज वापरता येतो, पण नंतर तो जमिनीवर पडता कामा नये. कार्यक्रम संपला की सगळे ध्वज मोजून परत घ्या. हाच आदर दुसऱ्या देशांच्या ध्वजांनाही द्यायचा, हे मुलांना वेगळं सांगा.

या ध्वजांचं संचलन हा माझा सर्वांत आवडता खेळ आहे. उद्घाटनाच्या संचलनात ग्रीस सगळ्यात पुढे असतो, यजमान देश सगळ्यात शेवटी, आणि मधले देश यजमानांच्या भाषेतल्या क्रमाने येतात. टोकियोत जपानी अक्षरक्रमाने आले. 2008 ला बीजिंगमध्ये तर देशाचं नाव लिहिताना चिनी अक्षराला किती रेघा लागतात त्यावरून क्रम ठरला. मग आपल्या शाळेत स्पर्धा भरली तर? क्रम मराठी वर्णमालेचा. ग्रीस पुढे, भारत यजमान म्हणून शेवटी, बाकीच्यांनी स्वतःची जागा शोधायची. अर्जेंटिना, इजिप्त, जपान, ब्राझील इथपर्यंत सोपं जातं. मग कॅनडा, केनिया आणि क्यूबा एकमेकांसमोर उभे ठाकतात. क कोणता आधी, जोडाक्षर कुठे, यासाठी शब्दकोश उघडावाच लागतो. शब्दकोशात शब्द शोधायचा कंटाळा करणारी मुलं इथे पानं उलटत बसतात, कारण त्यांच्या देशाची जागा पणाला लागलेली असते. रांग लागली की प्रत्येकाने आपल्या देशाची राजधानी आणि खंड मोठ्याने सांगत चालायचं.

पाच वर्तुळांबद्दल थोडक्यात. वर निळं, काळं, लाल. खाली पिवळं, हिरवं. ती एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून पुठ्ठ्याची वर्तुळं नुसती चिकटवण्यापेक्षा पत्रिकेच्या पट्ट्यांच्या कड्या एकमेकीतून ओवून करा, क्रमाचं कोडं सोडवावं लागतं. ‘निळं म्हणजे युरोप, काळं म्हणजे आफ्रिका’ असं शिकवू नका. पाच वर्तुळं पाच खंडांची हे बरोबर आहे, पण एकेक रंग एकेका खंडाला दिलेला नाही. पियरे द कुबर्तँ यांनी 1913 मध्ये हे चिन्ह तयार केलं तेव्हा पाच रंग आणि पार्श्वभूमीचा पांढरा मिळून सहा रंगांत त्या वेळच्या सर्व देशांच्या ध्वजांचे रंग येतात, असा त्यांचा विचार होता. आपल्या संचलनातल्या ध्वजांवर ते तपासून बघता येतं.

पाऊस असेल त्या शनिवारी पदकतक्ता काढा. पॅरिसमध्ये अमेरिकेची 40 सुवर्ण, चीनचीही 40. अमेरिकेची एकूण पदकं 126, चीनची 91. भारताची सहा, त्यात एक रौप्य आणि पाच कांस्य, आणि क्रमांक 71 वा. पाकिस्तानचं एकच पदक, पण ते सुवर्ण, म्हणून क्रमांक 62 वा. एवढं फळ्यावर लिहा आणि बाजूला व्हा. सहा पदकं मिळवणारा देश एका पदकाच्या खाली कसा, यावर वर्ग पेटतो. मग गटांना स्वतःची गुणपद्धत ठरवायला सांगा. कुणी सुवर्णाला तीन, रौप्याला दोन, कांस्याला एक देतं, तर भारत सात आणि पाकिस्तान तीन. कुणी सुवर्णाला दहा देतं आणि चित्र पालटतं. प्रत्येक गटाने आपली पद्धत का योग्य हे उभं राहून पटवून द्यायचं. गुणाकार, बेरीज आणि तोंडी मांडणी एकाच तासात होते.

आता तुमच्या त्या मुलाबद्दल. त्याच्यासाठी वेगळा सोपा खेळ शोधू नका. सगळ्यांनाच बसून खेळावे लागतील असे खेळ निवडा, आणि ते पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, आहेतच. बोशिया घ्या. ओल्या रद्दीचे घट्ट गोळे करून वाळवायचे, सहा लाल, सहा निळे, एक पांढरा. आधी पांढरा गोळा टाकायचा, मग दोन्ही बाजूंनी आपले गोळे त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. सगळेजण आपापल्या जागी बसूनच टाकतात. शेवटी सुतळीने अंतरं मोजायची. ज्याचा गोळा सर्वांत जवळ, त्या बाजूला गुण. समोरच्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षा आपले जितके गोळे जवळ तितके गुण. नेम असलेलं मूल जिंकतं, पायांचा प्रश्नच येत नाही. गोलबॉलमध्ये तीन-तीन खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी आणि चेंडूत घुंगरू. जुना चेंडू घुंगरांसकट कापडी पिशवीत घट्ट बांधला की झालं. बसून चेंडू जमिनीवरून सरपटत सोडायचा, समोरच्यांनी आवाजावरून अडवायचा. बघणाऱ्यांनी पूर्ण शांत राहायचं, तो या खेळाचा नियमच आहे. एरवी गप्प न बसणारा वर्ग इथे श्वास रोखून बसतो. सोबत सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण.

पदकं सगळ्यात शेवटी. पॅरिसच्या प्रत्येक पदकात आयफेल टॉवरच्या मूळ लोखंडाचा षटकोनी तुकडा बसवला होता, 18 ग्रॅमचा. टोकियोची पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या धातूंपासून केली होती. हे सांगून मुलांना विचारा, आपल्या गावचं काय बसवायचं? ओढ्यातला गोल खडा, ज्वारीचे दाणे, शाळेच्या जुन्या कौलाचा कपचा, वडाचं पान दाबून उमटवलेली शीर. चिकणमातीची चकती करून त्यात ते दाबायचं, ओली असतानाच हिरेने भोक पाडायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात तडे जातात.

ही पदकं पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाला देऊ नका. चिठ्ठ्या टाकून प्रत्येक मुलाला एक नाव द्या. आठवडाभर त्या मुलाचं निरीक्षण करायचं आणि पदक देताना कारण सांगायचं: ‘तू माझा भाला दुरुस्त करून दिलास’, ‘तुझी दुसरी उडी नऊ सेंटिमीटरने वाढली’. कारण आधी वहीत लिहून आणायचं, हा त्या आठवड्याचा लेखनाचा अभ्यास. ‘चांगला खेळला’ एवढंच लिहिलं असेल तर वही परत करा आणि काय चांगलं ते लिहायला सांगा.

खेळांमध्ये जिंकणं-हरणं मात्र राहू द्या, ते काढून टाकलं तर मुलांना खेळ खोटा वाटतो. जोड्या आणि गट तिसरी-चौथी मिसळून करा. बरोबरी झाली तर टोकियोच्या उंच उडीची गोष्ट सांगा. कतारचा बर्शिम आणि इटलीचा ताम्बेरी दोघेही 2.37 मीटरवर थांबले, आणखी उड्या मारून निकाल लावायचा की सुवर्ण वाटून घ्यायचं हे त्यांना विचारलं गेलं, आणि दोघांनी सुवर्ण घेतलं. तुमच्या मुलांनाही तेच विचारा आणि ते म्हणतील तसं करा. काही जोड्यांना पुन्हा खेळायचं असतं, तेही बरोबरच आहे.

वेळापत्रक ठरवताना 15 जानेवारी डोळ्यांपुढे ठेवा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा हा जन्मदिवस आपल्याकडे राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. 1952 साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत कांस्य मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. संचलन आणि पदकवाटप त्या दिवशी गावकऱ्यांसमोर घेता येईल. पहिल्या शनिवारी फक्त सुतळी आणि खडू लागतो, तयारी काहीच नाही, म्हणून उडीपासून सुरू करा. त्यानंतर भाला, मग नेम आणि बोशिया. ध्वजांना दोन शनिवार लागतात. माती पंधरा दिवस आधी मागवून ठेवा, वाळायला आठवडा धरा.